मेंढरांनी मोजलेला माळ

फार मागे, अश्मक देशातल्या पोतली नगरात महिसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व मिठाच्या एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आले होते. त्यांचं नाव अचलदत्त. पावसाळा सरून वाटा वाळल्या की ते बैलांचा तांडा घेऊन घाट उतरत, समुद्रकाठच्या मिठागरांतून गोण्या भरत आणि तोच घाट पुन्हा चढून पोतलीच्या बाजारात येत. माप चोख, बोलणं थोडं आणि घाई म्हणून कशाची नाही. त्यांची बायको उत्तरा मात्र वेगळ्या घडणीची. पायाला भिंगरी, जिभेला धार आणि हात सढळ. दारी आलेला माणूस तिने कधी रिकाम्या हाती पाठवला नाही, पण दोन शब्द सुनावल्याशिवायही कधी पाठवला नाही.

कथा बोधिसत्त्वांची आहे खरी. पण तिची गाठ बसली होती उत्तरेच्या मनात, म्हणून तिच्याच शेजारी बसून ती ऐकू या.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. बोधिसत्त्व तांड्यावरून परतले, पाय धुतले, जेवायला बसले आणि म्हणाले, "उत्तरे, एक जमीन घ्यावी म्हणतो."

"बरं सुचलं एकदाचं! नदीकाठची ना?"

"नाही. पश्चिमेचा माळ."

वाढता वाढता उत्तरेचा हात थांबला. पश्चिमेचा माळ साऱ्या पोतलीला ठाऊक होता. नगरापासून अर्ध्या दिवसाची चाल. खडक, कुसळं, तरवडाची झुडपं आणि दूरवर एकच एक पळस. घर नाही, विहीर नाही, नांगराची एक रेघ नाही. मेंढपाळ सोडले तर तिकडे कुणी फिरकत नसे. पोतलीत दोन बाया भांडल्या की एक दुसरीला म्हणायची, "जा, माळावर जाऊन बस."

"तिथं पिकतं काय?" उत्तरेनं विचारलं.

"आज काही नाही."

"आणि उद्या?"

"उद्याही नाही. पंधरा-वीस वर्षं तरी काही नाही."

"अगं बाई! म्हणजे म्हातारपणी आपण बसून दगड चघळायचे!"

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "नीट ऐक. राजरस्ता नदीच्या काठाने जातो. दर चार वर्षांनी पूर येतो, काठ खचतो आणि रस्ता पुन्हा बांधावा लागतो. मी घाटमाथ्यावर बैल मोकळे सोडतो, तेव्हा ते रस्त्याने घरी येत नाहीत. माळावरून येतात. बारा वर्षं बघतोय, एकदाही चुकले नाहीत. खरी वाट तीच आहे. आज ना उद्या ती माणसांनाही सापडेल."

"बैलांना कळलं ते राजाला कळायला वीस वर्षं लागतात होय?"

"राजाला सल्लागार असतात," बोधिसत्त्व म्हणाले. "बैलाला नसतात."

उत्तरेला हसू आलं, आणि हसली तिथेच ती अर्धी हरली. घरात शिल्लक होती ती निम्म्या मोलालाही पुरत नव्हती. तिच्याकडे आईने दिलेली सोन्याची चार कांकणं होती. ती तिने काढून दिली, पण मुकाट्याने नव्हे. "माझ्या आईने ही हातात घालायला दिली होती, खडकात पुरायला नाही," असं ती आठ दिवस ऐकवत होती. नवव्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाली, "कधी निघायचं? मलाही बघू दे माझी कांकणं कुठं गेली ती."

माळ होता सामा नावाच्या मेंढपाळणीचा. वय चाळिशीचं, अंगानं काटक, डोळे बारीक आणि सदा हसरे. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि मागच्या साली रोग येऊन निम्मा कळप गेला होता. माळाचा एक भाग विकून नव्या मेंढ्या घ्यायच्या, कळप पुन्हा उभा करायचा, असा तिचा विचार. तिचे दोन दीर होते. बोलणी चालली असताना ते जरा बाजूला उभे होते, मिशा पिळत.

आता या मेंढपाळांची जमीन विकायची रीत सांगायला हवी. काठी नाही, दोरी नाही. त्यांची जमीन मोजायची ती मेंढरांनी. माळाच्या दोन्ही अंगांना दोन ओढे होते, त्यामुळे रुंदीचा प्रश्न नव्हता. लांबी ठरायची ती अशी. उगवत्या सूर्याबरोबर पहिल्या दगडापासून कळप सोडायचा. कुणी हाकायचं नाही, शीळ घालायची नाही, कुत्रं सोडायचं नाही. मेंढरं चरत चरत जातील तितकी जातील. सावली पायाखाली आली की कळप जिथं असेल तिथं शेवटचा दगड रोवायचा. याला ते 'एका सकाळचा माळ' म्हणत, आणि मोल ठरायचं तेही एका सकाळचं. मेंढरं रमली तर घेणाऱ्याचं नशीब फुटकं, भराभर चालली तर विकणाऱ्याचं. त्यावर कुणी तक्रार करायची नाही. 'मेंढरांनी मोजलं ते देवानं मोजलं' अशी त्यांची म्हणच होती.

एरवी सकाळचा कळप दुपारपर्यंत पळसापाशी पोचे. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याच हिशेबाने मोल ठरलं होतं. पळसाच्या पुढे, चांगलं हाकेच्या दोन-तीन टप्प्यांवर, एक झरा होता. बारमाही. उन्हाळ्यात साऱ्या मेंढपाळांचे कळप त्याच झऱ्यावर जगत. तो झरा विकायचा नव्हता. सामाच्या भागातच तो राहायचा होता.

मोजणीच्या दिवशी पहाटे बोधिसत्त्व मेंढपाळांच्या पंचांबरोबर पुढे पळसाकडे गेले. सामा पहिला दगड रोवत होती. उत्तरा एकटीच कळपापाशी उभी राहिली. येताना तिने मिठाची एक पिशवी आणली होती. मिठाच्या घरची बाई, ती काय रिकाम्या हाताने येणार? सामाला द्यावं म्हणून आणलेलं मीठ. पण ती मेंढरं तिच्याभोवती जमली, पदराला नाकं लावू लागली, आणि उत्तरेला त्यांची माया आली. तिने मूठ उघडली. खरबरीत जिभा तळहातावर फिरल्या तशी ती लहान मुलीसारखी खुदकन हसली. मग आणखी एक मूठ, आणखी एक मूठ. पिशवी केव्हा संपली तिचं तिलाच कळलं नाही.

सूर्य उगवला. कळप सुटला. थोडा वेळ मेंढरं चरली. मग एकेकाने मान वर केली आणि सगळा कळप नाकासमोर चालू लागला. गवताला तोंड नाही, इकडे तिकडे बघणं नाही. पळस मागे पडला. पंच तोंडाचा आ करून बघत राहिले. सावली पायाखाली आली तेव्हा सगळी मेंढरं झऱ्यावर माना खाली घालून घटाघटा पाणी पीत होती.

उत्तरेनं हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. मीठ! मीठ खाल्लेलं जनावर पाण्याकडे धावणार नाही तर काय करणार? मिठाच्या घरात सहा वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी शिकवायला हवं होतं का? पण पहाटे तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. देवाशपथ आलं नव्हतं.

तिने सामाकडे पाहिलं. सामा मेंढरांकडे पाहत होती. मग ती हसली आणि पदर खोचून शेवटचा दगड झऱ्याच्या पलीकडे रोवायला लागली. तिचे दीर लालबुंद होऊन आले. "हे काय? झरा नव्हता द्यायचा!"

"मेंढरांनी मोजलं ते मोजलं," सामा म्हणाली. "मी कोण बोलनार?"

तेव्हाच उत्तरेनं बोलायला हवं होतं. जिभेची धार ज्या बाईची साऱ्या नगरात प्रसिद्ध, तिला त्या एका घटकेला शब्द सापडला नाही. मनात आलं, आपली चार कांकणं गेलीत. देवानेच भरपाई केली असेल तर आपण कशाला मध्ये पडा? तिने मूग गिळले. सामाने बोधिसत्त्वांच्या ओंजळीत पाणी सोडलं, आणि माळ त्यांचा झाला.

पाणी हातातून ओघळायच्या आत बोधिसत्त्व म्हणाले, "सामाबाई, शीव माणसांसाठी असते. झरा पूर्वी जसा होता तसाच राहील. तुमचे कळप येऊ द्या. चरायलाही येऊ द्या."

हे ऐकून उत्तरेचा जीव भांड्यात पडला. पाणी तर सगळ्यांना मिळतंय, मग चोरी कुठली? असं तिने स्वतःला समजावलं. पुढे अठरा वर्षं ती स्वतःला हेच समजावत राहिली.

पोतलीत मग काय विचारता! लोकांनी अचलदत्तांचं नाव 'खडकशेठ' ठेवलं. त्याच साली उत्तर दरवाजाबाहेर राजा नवा महाल बांधणार अशी आवई उठली होती आणि शहाणीसुरती माणसं तिकडची शेतं चढ्या भावाने घेत होती. पाणवठ्यावर बाया उत्तरेला विचारायच्या, "काय गं, यंदा दगडांना फुलं आली का?" उत्तरा उसळून म्हणायची, "आली की! तुमच्या महालाला लावायला पाठवू?" महाल काही झाला नाही. पण माळावरही काही झालं नाही, ते तिला ठाऊक होतं.

दरवर्षी मोजणीच्या तिथीला दोघं माळावर जायची. बोधिसत्त्व उतारावर दगडांचे बांध घालत, म्हणजे पावसाची माती वाहून जाऊ नये. चिंच, कडुनिंब, बाभूळ लावत. निम्मी रोपं जळायची, निम्मी जगायची. जळालेल्यांच्या जागी पुढच्या वर्षी पुन्हा लावायची. सामाची मेंढरं चरून खत टाकून जात, आणि सामा त्या रोपांना काट्यांचं कुंपण करून राखण करी. जाताना बोधिसत्त्व मिठाची एक गोणी सामाच्या झोपडीत ठेवत आणि तिला हात जोडत.

पहिल्या खेपेला उत्तरा वाटेत फणफणली. "मोल मोजून घेतलाय माळ! फुकट नाही. हात कसले जोडता?"

"मोल दिलं त्याने जमीन मिळाली," बोधिसत्त्व म्हणाले. "तिने ती आपल्याला दिली, ते अजून फिटायचंच आहे. नाही म्हणाली असती, तर मोल घेऊन आपण कुठं जाणार होतो?"

एरवी उत्तरा एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. पण त्या दिवशी तो नमस्कार तिच्या काळजात काट्यासारखा रुतला. ज्या बाईला हा माणूस हात जोडतो आहे, तिचाच झरा आपल्या दगडाच्या आत आहे. आणि सामा? ती दरवेळी उत्तरेला ताकाचा पेला द्यायची, हसायची आणि म्हणायची, "या बसा, शेठाणीबाई. झऱ्याला पानी चांगलं हाय औंदा." ते ताक उत्तरेच्या घशाखाली उतरायचं नाही.

सांगावं, असं तिला किती वेळा वाटलं! एकदा तर वाटेत तिने तोंड उघडलंही. बोधिसत्त्व थांबले, वाट पाहू लागले. आणि ती म्हणाली, "पायात काटा गेला." त्यांनी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि नसलेला काटा बराच वेळ शोधला. काय म्हणावं अशा माणसाला!

अशी अठरा वर्षं गेली. चिंचा डेरेदार झाल्या. बांधांमागे माती साठली, माळ हिरवळ धरू लागला. आणि एका पावसाळ्यात नदीला असा पूर आला की काठचा राजरस्ता तीन ठिकाणी तुटून गेला. राजाच्या माणसांनी दुसरी वाट शोधली. शोधता शोधता ती कुठे आली? बैल जिथून घरी येत होते तिथेच. नवा राजरस्ता माळावरून जाणार अशी दवंडी पिटली गेली, आणि 'खडकशेठ' म्हणणारी तोंडं एका दिवसात 'अचलदत्त श्रेष्ठी' म्हणू लागली.

पोतलीतला सगळ्यात मोठा व्यापारी वसुनंद स्वतः घरी आला. बोलायला गोड, हिशेबाला पक्का. तो म्हणाला, "सबंध माळ मला द्या. तुमच्या बायकोने चार कांकणं दिली होती ना? मी चारशे कांकणांचं सोनं देतो. तिथे मोठी धर्मशाळा बांधीन, बाजार बांधीन."

"आणि झरा?" बोधिसत्त्वांनी विचारलं.

"झऱ्याभोवती कोट घालावा लागेल. तांडे येणार, गर्दी होणार. पाण्यावर देखरेख नको का? मेंढपाळांसाठी कोटाबाहेर हौद बांधून देईन. शब्द देतो."

बोधिसत्त्वांनी विचार केला. ते साठीकडे झुकले होते, गुडघे घाट चढायला कुरकुरत होते. माळ रीतसर मोजून घेतलेला, झरा त्यांच्या दगडाच्या आत. हौदाचा शब्द मिळाला आहे, आणि समोरच्यावर उगाच अविश्वास कशाला दाखवावा? ते म्हणाले, "हौद आधी बांधायचा, कोट मागून. हे मान्य असेल तर ठरलं."

वसुनंदाने आनंदाने मान डोलावली. दाराआड उभ्या असलेल्या उत्तरेनं त्याचं ते हसू पाहिलं. तिचे नवरोजी माणसांना ओळखत नव्हते असं नाही, पण ओळखूनही विश्वास टाकायची त्यांना खोड होती. उत्तरेला ती खोड नव्हती. हौद बांधला जाईल, दोन उन्हाळे भरलेला राहील, मग कोरडा पडेल आणि दरवाजात पहारेकरी बसून दर बैलामागे, दर मेंढरामागे दाम मागेल, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि तो झरा विकायचा आपल्याला हक्कच नाही, हे जगात फक्त तिला माहीत होतं.

ती गप्प राहिली तर चारशे कांकणांचं सोनं. अठरा वर्षं टोमणे ऐकले त्याचं चीज. बोलली तर सोनं जाईल, ते एक वेळ जाऊ दे. पण हा माणूस आपल्याकडे बघेल, आणि आपण अठरा वर्षं काय लपवलं ते त्याच्या डोळ्यांत दिसेल. तिला खरी भीती होती ती त्याची.

त्या मेंढपाळांची आणखी एक रीत होती. मोजलेली जमीन पुन्हा विकली जायची असेल, तर ज्याने ती पहिल्यांदा विकली त्याने येऊन शेवटच्या दगडाला हात लावायचा आणि म्हणायचं, 'दगड जागेवर हाय.' त्याशिवाय व्यवहार खरा नाही. ठरल्या दिवशी सगळे झऱ्यापाशी जमले. वसुनंद रेशमी उत्तरीय सावरत उभा होता. मेंढपाळांचे पंच होते. सामा आली, आता साठीची, काठी टेकत. ती दगडाजवळ वाकली.

"थांबा सामाबाई," उत्तरा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "दगड जागेवर नाही. मोजणीच्या पहाटे मी मेंढरांना मीठ चाटवलं होतं. पिशवीभर. त्या तहानेनं ती इथवर धावली. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण दुपारी मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही. अठरा वर्षं बोलले नाही. आमचा माळ पळसापर्यंतच. झरा सामाबाईंचा आहे."

मग वसुनंद हसला. "अहो बाई, अठरा वर्षांपूर्वी मेंढरांनी काय खाल्लं ते आता कोण विचारतंय? दगड आहे तो आहे. झऱ्यासकट घेतो, नाहीतर सौदा मोडला. झऱ्यावाचून या खडकाचं मी काय करू?"

उत्तरेनं ते ऐकलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. बोधिसत्त्व तिच्याकडे चालत आले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, पाणी होतं. ते म्हणाले, "उत्तरे, एवढं ओझं तू एकटीनं वाहिलंस, आणि मला एकदाही खांदा देऊ दिला नाहीस. त्या दिवशी पायात काटा नव्हताच ना?"

"नव्हता," उत्तरा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"आज काढलास. फार उपकार झाले. आज तू बोलली नसतीस, तर जे माझं नव्हतं ते मी विकून बसलो असतो, आणि मला ते कधी कळलंही नसतं." असं म्हणून दरवर्षी सामाला जोडत तसे त्यांनी बायकोला हात जोडले. मग ते वसुनंदाकडे वळले. "श्रेष्ठी, सौदा मोडला तर मोडला. सामाबाई, दगड उचलू या. तुमचा झरा तुम्हाला."

तेव्हा सामा खाली बसली. बसली ती हसायलाच लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"शेठाणीबाई," ती म्हणाली, "मेंढरं कुनाची?"

"तुमची."

"मग त्यांनी काय खाल्लं ते मला कळायचं न्हाई व्हय? एडक्याच्या तोंडाला मिठाचं खडं चिकटलं हुतं. मी पयला दगड रोवतानाच बघितलं. तुमी मीठ घालताना बी बघितलं."

उत्तरा तिच्याकडे बघतच राहिली. "मग बोलला का नाहीत?"

"माझं दीर टपलं हुतं. झरा माझ्या हाती ऱ्हायला असता, तर त्याच साली त्यांनी तो हिसकून इकला असता. एकली बाई मी, किती दिस राखनार? पन मेंढरांनी मोजल्यावर त्यांची काय बिशाद? मेंढरं झऱ्याकडं पळाली, आन म्या म्हटलं, पळू दे." तिने श्वास घेतला. "तुमचं मालक मला ठाव न्हवतं. तुमीबी न्हाई. पन एक बघितलं. माझी एक लंगडी मेंढी हुती. ती मागंच ऱ्हायली, गर्दीत शिरंना. समद्यांना मीठ घालून झालं, तवा तुमी पिशवी झटकून उरलंसुरलं हातावर घेतलं आन चालत तिच्याकडं गेलासा. म्हटलं, ही बाई पानी अडवायची न्हाई. मेंढरांनी मीठ खाल्लं तुमचं, त्याला जागायचं कुनी? म्या जागले."

उत्तरेला ती लंगडी मेंढी आठवतही नव्हती. अठरा वर्षं ती त्या सकाळचं एकच कृत्य उराशी धरून होती, आणि त्याच सकाळचं दुसरं एक कृत्य या बाईने आपल्या उराशी धरलं होतं. ती सामाच्या शेजारी मटकन खाली बसली. सामाने आपल्या कमरेचा ताकाचा बुधला सोडून तिच्या हाती दिला. त्या दिवशी ते ताक उत्तरा घटाघटा प्यायली.

"आता झरा परत नगं मला," सामा म्हणाली. "दीर गेलं, पन त्यांचं ल्योक हाईत. मी आज हाय, उद्या न्हाई."

मग बोधिसत्त्वांनी पंचांना जवळ बोलावलं. एक ओंजळ सामाची, एक स्वतःची आणि उत्तरेची मिळून, अशा दोन ओंजळी झऱ्याच्याच पाण्याने भरून त्यांनी त्या पुन्हा झऱ्यात सोडल्या आणि सर्वांदेखत म्हणाले, "हा झरा आजपासून तहानेचा. ज्याला तहान लागेल, माणूस असो की जनावर, तेवढ्यापुरता तो त्याचा धनी. याला कोट नाही, दाम नाही, आणि हा विकायचा हक्क कुणालाच नाही." पंचांनी शेवटचा दगड उपटला आणि पळसाखाली नेऊन रोवला. सामाने त्याला हात लावला. "दगड जागेवर हाय," ती म्हणाली.

वसुनंद तणतणत निघून गेला. पण माणूस धंदा कळणारा होता. चौथ्या दिवशी तो परत आला आणि पळसापर्यंतचा माळ त्याने निम्म्या मोलाला घेतला. दोनशे कांकणांचं सोनं म्हणजे काही कमी नव्हे. त्याने धर्मशाळा बांधली, आणि फुकट पाणी जवळ आहे म्हणून दहा देशांचे तांडे तिथेच उतरू लागले. कोट घातला असता तर निम्मे पुढे निघून गेले असते. वसुनंद म्हातारपणी सांगत फिरायचा, की झरा मोकळा ठेवायची कल्पना मूळ त्याचीच. बोधिसत्त्व ऐकायचे आणि हसायचे. उत्तरा मात्र हसायची नाही, ती दोन शब्द ऐकवायचीच.

बोधिसत्त्वांनी तिला चार नवी कांकणं करून आणली. दोन तिने घातली. दोन सामाच्या हातांत तिने स्वतः चढवली, आणि सामा नको नको म्हणत होती तेव्हा म्हणाली, "गप बसा हो. ताकाचं मोल आहे, फुकट नाही." दोघी म्हाताऱ्या दरवर्षी त्या तिथीला झऱ्याकाठी बसत, आणि उत्तरा कळपाला मीठ चाटवी. सगळ्यात आधी ती मागे राहिलेलं मेंढरू शोधायची.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा जेतवन विहारात सांगितली त्या दिवशी सकाळी नंदिला नावाच्या भिक्षुणीने संघापुढे उभं राहून आपली फार जुनी चूक रडत रडत सांगितली होती, आणि तिच्या शेजारच्या वृद्ध भिक्षुणी कपिला थेरीने तिचा हात धरून म्हटलं होतं, "मला ठाऊक होतं, बाळ." भिक्षूंना त्याचं नवल वाटलं होतं. कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, या दोघींचं हे पहिल्यांदा घडलेलं नाही. त्या जन्मीची उत्तरा ती आजची नंदिला. सामा ती कपिला. वसुनंद तो आपल्याच नगरातला तो उपासक, जो दानाची वस्तू ठेवताना तिचा भाव सांगून जातो. त्याचंही हळूहळू भलं होतं आहे. आणि मिठाचा व्यापारी अचलदत्त मी स्वतः होतो."

मग ते म्हणाले, "मोल दिलं की वस्तू आपली होते. ती देणाऱ्याचे उपकार मात्र उरतात, आणि ते उरले आहेत हे ज्याच्या ध्यानात राहतं त्याच्या हातून दुसऱ्याचं पाणी अडत नाही. या गुणाचं नाव कृतज्ञता."

नंदिलेनं डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या म्हातारीला पाण्याचं पात्र भरून दिलं.